कार्तिकस्नानाची साक्ष

ही हकीकत २०४१ सालातली. मला तेव्हा अडुसष्टावं वर्ष चालू होतं. त्या फेब्रुवारीत माझ्या धाकट्या भावाची मुलगी, शाल्मली, साताऱ्याहून एक बॅग घेऊन आमच्या चिंचवडच्या घरी राहायला आली. दारातच म्हणाली, "आत्या, दीड महिना मुक्काम आहे. आतोबांना सांग, बाल्कनीतली उन्हाची खुर्ची आता माझी."

खुर्ची तिला हवीच होती. शाल्मलीला थंडी चालत नसे. चालत नसे म्हणजे सोसत नसे असं नव्हे, थंडी तिच्या अंगावर उठत असे. फ्रीजमधली बाटली धरली की तळहात सुजायचा. पहाटे गाडीवर गेली की गालांवर पैशाएवढाल्या लाल गांधी यायच्या. आणि हिचा धंदा काय, तर पोहायला शिकवणं! दोन वर्षांपूर्वी डिसेंबरात तिनं सकाळच्या वर्गाला सूर मारून दाखवला, पलीकडच्या काठाला लागली आणि बाहेर आल्यावर सगळं अंग सुजून, घसा आवळून खाली कोसळली. दवाखान्यात इंजेक्शन वेळेवर मिळालं म्हणून वाचली. तेव्हापासून ती काठावरच्या खुर्चीत बसून शिट्टी वाजवायची. मुलं तिला 'कोरड्या बाई' म्हणायची. हे ती हसत सांगायची, पण दोनदा सांगितलं की तिसऱ्यांदा तिचे डोळे हसत नसत.

पुण्यात एक संशोधन केंद्र होतं, तिथे या दुखण्यावर नवा उपचार सुरू झाला होता. तिथल्या डॉक्टर फरहाना मोमीन पन्नाशीच्या, गोल चेहऱ्याच्या, आणि समोरच्याला समजेपर्यंत न कंटाळता सांगणाऱ्या. पहिल्या दिवशी त्यांनी शाल्मलीच्या हातावर पिशवीतला बर्फाचा खडा पाच मिनिटं ठेवला आणि काढला. दहा मिनिटांत त्याच आकाराची गांध टरारून वर आली.

"हे पाहा," त्या मला म्हणाल्या, "कातडीखाली मास्ट पेशी नावाच्या पेशी असतात. पहारेकरीच म्हणा. प्रत्येकीच्या पोटात हिस्टामिन नावाच्या रसायनाच्या बारीक पुड्या भरलेल्या. शत्रू आला की पुड्या फोडायच्या, हे त्यांचं काम. हिच्या पहारेकऱ्यांना थंडी हाच शत्रू वाटतो. थोड्या जागी पुड्या फुटल्या तर गांध येते. सगळ्या अंगावर एकदम फुटल्या तर रक्तदाब कोसळतो."

गोळ्या होत्या, महिन्याचं इंजेक्शन होतं. त्यांनी गांधी कमी व्हायच्या, पण गार पाण्यात सूर मारायची मुभा तिला कोणी देत नव्हतं. थंडीची सवय लावता येते, हे जुन्या डॉक्टरांनाही माहीत होतं. रोज थोडा गारवा दिला तर पेशी थोड्या थोड्या पुड्या रिकाम्या करतात आणि हळूहळू थंडीकडे दुर्लक्ष करायला शिकतात. अडचण एकच होती. थोडा म्हणजे किती, आणि हळूहळू म्हणजे किती हळू, हे माणसागणिक वेगळं. एकाला जे औषध ते दुसऱ्याला विष.

नवं होतं ते इथे. शाल्मलीचं रक्त, कातडीचा मसुराएवढा तुकडा आणि जनुकं तपासून संगणकात तिच्या त्वचेची एक प्रतिकृती केली होती. तिला सगळे 'जुळी' म्हणत. खऱ्या मुलीला हात लावण्याआधी जुळीवर हजार वेळा थंडी घालून पाहायची, आणि जो वेग तिला झेपेल तो मुलीला द्यायचा. गारवा देण्यासाठी एक बाही होती, नंतर बंडी, आणि शेवटी पाण्याचा टब.

"एक गोष्ट मात्र रक्तातून कळत नाही," डॉक्टर म्हणाल्या. "सवय लागायला किती काळ लागतो ती. ती घराण्यात उतरते, एवढं आम्हाला दिसलंय. म्हणून रक्ताच्या नात्यात कोणी बरं झालेलं असेल तर त्याची हकीकत आम्हाला फार मोलाची. जुळी तिच्यावरच चालते."

शाल्मलीनं माझ्या खांद्यावर हात ठेवला. "ही घ्या. आमची आत्या. हिला अगदी हेच होतं. एका कार्तिकस्नानात गेलं!"

आमचे हे शेजारीच बसले होते. ते खुर्चीत सरसावले. "माझ्या आईची पुण्याई," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी जुळीनं, म्हणजे तिच्या नावानं बोलणाऱ्या त्या संगणकानंच, माझी साक्ष घेतली. एका छोट्या खोलीत मी आणि हे, समोर पडदा. आवाज बाईचा, मऊ, नाशिककडचा वाटावा असा. साल कोणतं, गाव कोणतं, किती वाजता उठत होता, पाणी कुठलं. मी सांगितलं. १९९५ साल, जुन्नर, लग्नानंतरचा पहिला कार्तिक. कोजागिरीच्या दुसऱ्या दिवसापासून त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत रोज उजाडायच्या आत परसातल्या हौदाच्या पाण्यानं डोक्यावरून स्नान. पहिल्या दिवशी क्षणभर अंधारी आली, पण 'हर हर गंगे' म्हटलं आणि निभावलं. आठव्या दिवसापासून गांधी कमी झाल्या. त्रिपुरी पौर्णिमेला अंग स्वच्छ.

"त्या वेळी तुमच्याबरोबर आणखी कोण होतं?" आवाजानं विचारलं.

"सासूबाई तुळशीपाशी जप करत बसायच्या. थोरल्या जाऊबाई स्वयंपाकघरात असायच्या."

दोन तासांनी आवाजानं तेच प्रश्न उलटसुलट करून पुन्हा विचारले. मी पुन्हा तेच सांगितलं. मग यांना विचारलं, यांनीही तेच सांगितलं. जुन्नरच्या दोन जुन्या शेजारणींना फोन गेला, त्यांनीही तेच. संध्याकाळी डॉक्टर आनंदानं म्हणाल्या, "आजी, जुळीनं तुमच्या साक्षीला विश्वासार्हतेचे शंभरात शहाण्णव दिलेत. इतक्या जुन्या आठवणीला इतके कधी मिळाले नव्हते. एक तपशील इकडचा तिकडे नाही."

नसणारच. सेहेचाळीस वर्षं मी ती गोष्ट एकाच चालीवर सांगत आले होते. शेजारणींनी ती माझ्याच तोंडून ऐकली होती आणि यांनी आईच्या.

घडलं होतं ते निराळंच.

मला शीतपित्त होतं हे माझ्या आईनं लग्न जमवताना लपवलं होतं. माहेरी गांधी उठल्या की ती आमसुलाचं पाणी लावायची आणि म्हणायची, "सासरी गेल्यावर पूर्ण बाह्यांची पोलकी घाल." पोलकी पुरली भाद्रपदापर्यंत. मग सासूबाईंनी माझे हात पाहिले. त्या वाईट नव्हत्या. चारचौघांत बोलल्या नाहीत, माहेरी निरोप धाडला नाही. फक्त म्हणाल्या, "अंगातलं पित्त आहे. कार्तिकस्नान कर. मी तुझ्यासाठी तुळशीपाशी बसेन." आणि त्या वयात, त्या गारठ्यात, त्या खरोखर महिनाभर बसल्या.

पहिल्या पहाटे मी हौदाचं पाणी तांब्यानं डोक्यावर घेतलं. तिसऱ्या तांब्यानंतरचं मला आठवत नाही. शुद्ध आली तेव्हा मी स्वयंपाकघरात चुलीपाशी घोंगडीत गुंडाळलेली होते आणि थोरल्या जाऊबाई, इंदूताई, माझे तळपाय चोळत होत्या. सासूबाईंचे डोळे मिटलेले, जप चालू, त्यांना काही कळलं नव्हतं.

"सांगू नका ताई," मी म्हटलं. "मला परत पाठवतील."

इंदूताई तेव्हा तेहेतीस वर्षांच्या. बोलायला फटकळ. म्हणाल्या, "मेलीस तर मलाच उचलावं लागेल. उद्यापासून मी सांगते तसं कर."

दुसऱ्या दिवसापासून त्या बंबातलं कढत पाणी पदराआड आणून घंगाळात ओतू लागल्या. वाफ दिसू नये म्हणून वर परात. मी न्हाणीत कोमट पाण्यानं आंघोळ करायची आणि बाहेर ऐकू जाईल असं दात वाजवत 'हर हर गंगे' म्हणायची. इंदूताई दाराआडून पुटपुटायच्या, "जास्त वाजव, हलवाई बत्तासे फोडतोय असं वाटतंय." एकदा मला इतकं हसू फुटलं की सासूबाईंनी बाहेरून विचारलं, "रडतेस का गं?"

त्रिपुरी पौर्णिमा झाली. गांधी आल्या नाहीत, कारण गार पाणी लागलंच नव्हतं. सासूबाईंनी देवापुढे साखर ठेवली आणि गल्लीभर सांगितलं. मला वाटलं, सुटलो. पण त्या म्हणाल्या, "मानवलंय तुला. आता वर्षभर गारच घे." मग इंदूताईंचं तापवणं तसंच चालू राहिलं. सासूबाई जळण मोजून द्यायच्या. ते पुरेना, तसा कढत पाण्याचा वाटा कमी होत गेला. किती, कसा, कधी, मी लक्ष दिलं नाही. घंगाळात जे असेल ते अंगावर घ्यायचे. त्यानंतरच्या दुसऱ्या होळीनंतर केव्हातरी एकदा इंदूताई माहेरी गेल्या असताना मी नुसत्या हौदाच्या पाण्यानं न्हायले आणि अंगावर काही उठलं नाही. मी ते कोणाला सांगितलंसुद्धा नाही. कोणाला सांगणार? सगळ्यांच्या लेखी मी दीड वर्षापूर्वीच बरी झाले होते.

मग साक्षीत खोटं का सांगितलं, असं कोणी विचारेल. हे शेजारी बसले होते, हे एक. दुसरं असं की इतकी वर्षं सांगून ती गोष्ट मला खऱ्यापेक्षा जवळची झाली होती. आणि तिसरं, जे मला आता लिहायला बरं वाटत नाही, ते म्हणजे उपयोगी पडल्याचं सुख.

शाल्मलीचा उपचार सुरू झाला. जुळीनं बेचाळीस दिवसांचा वेग ठरवला होता. दर दोन दिवसांनी बाहीतला गारवा एका अंशानं उतरायचा. नवव्या दिवशी गांधी आल्या त्या तासाभरात जायला हव्या होत्या, संध्याकाळपर्यंत टिकल्या. जुळी म्हणाली, झोप कमी झाली असेल. एकोणिसाव्या दिवशी बंडी घातल्यावर तिचा खालचा ओठ सुजला. जुळी म्हणाली, पाळीचे दिवस आहेत, मर्यादेत आहे. तेविसाव्या दिवशी टब ठरला होता, पंधरा अंशांच्या पाण्यात गळ्यापर्यंत, पाच मिनिटं.

विसाव्या दिवशी दुपारी ती उन्हाच्या खुर्चीत ओठावर फडकं धरून बसली होती.

"शाल्मले, जरा दमानं घेऊ या का?" मी म्हटलं. "डॉक्टरांना सांगू, थोडं थांबा."

"आत्या, तू ह्याच्याहून जास्त सोसलंस. पहिल्याच दिवशी हौदाचं पाणी! तू बावीस वर्षांची होतीस. मी काय लेचीपेची आहे?"

"माझं वेगळं होतं."

"काय वेगळं? रक्त एकच, पेशी त्याच, डॉक्टरच म्हणाल्या. तू केलंस ना? मग मीही करणार." आणि सुजलेल्या ओठानं हसली. "नाहीतर जन्मभर कोरड्या बाई."

मी स्वयंपाकघरात गेले. चहा ठेवला आणि आधणात साखरेऐवजी मीठ घातलं. तो ओतून दिला. मग पर्समध्ये गाडीभाडं आहे का पाहिलं आणि यांना सांगितलं, "उद्या सकाळी जुन्नरला जाऊन येते. इंदूताईंना भेटायचंय."

"वहिनीला? आज एकाएकी?" यांना नवल वाटलं. वाटणारच. दोघी जावांचं जाणंयेणं गेली वीस वर्षं सणासुदीपुरतं होतं. भांडण असं कधी झालं नाही. फक्त कोणी माझ्या कार्तिकस्नानाचा विषय काढला की त्या उठून जायच्या, आणि मी तिथेच बसून राहायची.

इंदूताई एकोणऐंशीच्या झाल्या होत्या. ओसरीवर शेंगा फोडत बसल्या होत्या. मला पाहून सूप सरकवलं. "ये. पुण्यवान माणसं आली आमच्याकडे."

मी समोर बसले, शेंगा फोडायला घेतल्या. सगळं सांगितलं. शाल्मली, ओठ, टब. त्या ऐकत होत्या, हात थांबले नव्हते.

"मग आता मी काय करू?"

"तुम्ही पाणी तापवायचात. किती तांबे घालायचात, कसे कमी केलेत, ते मला ठाऊक नाही. तुम्हालाच ठाऊक."

"हो का? तुझ्या गोष्टीत तर मी स्वयंपाकघरात असते. मी कशाला पाणी तापवीन?"

मी सुपात दाणे टाकत राहिले.

"तुला आठवतंय," त्या म्हणाल्या, "दिवाळीत जळण संपलं म्हणून सासूबाई मला काय बोलल्या? माहेरी लाकडाची वखार आहे का, म्हणाल्या. पाहुण्यांसमोर. तू तिथं पाट मांडत होतीस."

"आठवतंय."

"वर पाहिलं नाहीस."

"नाही पाहिलं."

"तुला पुण्य, मला बोलणी." त्यांनी एक शेंग फोडली, दाणा किडका निघाला, तो बाजूला टाकला. "आणि तेही असो. सासूबाई गेल्यावर तरी सांगायचं होतंस. मी वाट पाहिली. एका तोंडानं तरी म्हणायचं होतंस, इंदूताईनं वाचवलं."

"चुकलं माझं," मी म्हटलं. आणि चुकलं म्हटल्यावर आणखी काही म्हणायचं असतं, ते मला सुचेना. म्हणून पुन्हा म्हटलं, "चुकलं, ताई."

त्यांनी सूप खाली ठेवून पदरानं हात पुसले.

"तीन तांबे कढत घालायची मी पहिल्या महिन्यात. का चार? तीनच असतील, चौथा चहाला लागायचा. मग संक्रांतीनंतर अर्धा तांब्या कमी केला. शिमग्याला आणखी अर्धा. पावसाळ्यात सर्पण ओलं, तेव्हा दीडावर आले. अंगावर बारीक पुरळ दिसलं की दोन-चार दिवस परत वाढवायची."

"तुम्ही माझे हात बघायचात?"

"रोज. तू पानं वाढताना." त्या उठल्या. "चल, चप्पल कुठं आहे माझी? हे सगळं त्या यंत्राला सांगायचं म्हणतेस ना? फोनवर नाही सांगणार मी. फोनवर मला लोक म्हातारी समजतात."

परतीच्या गाडीतून मी यांना फोन केला नाही. समोरच सांगायचं ठरवलं होतं. घरी पोचलो तेव्हा संध्याकाळचे पाच वाजले होते. शाल्मलीला मी मुद्दाम बसायला सांगितलं. इंदूताई सोफ्यावर, हे आरामखुर्चीत. मी उभ्यानंच सांगितलं, घंगाळापासून परातीपर्यंत.

शाल्मली आधी हसली, दात वाजवण्यापर्यंत पोचले तोवर. मग तिचं हसू थांबलं. "म्हणजे पहिल्या दिवशी तू कोसळली होतीस? माझ्यासारखी?"

"हो."

"आणि हे तू मला आज सांगतेस? परवा मला टबात उतरायचं होतं, आत्या!"

तिनं माझ्याकडे पाठ केली आणि बाल्कनीत जाऊन उभी राहिली.

हे बराच वेळ भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होते. मग इंदूताईंना म्हणाले, "वहिनी, आईला कळलं होतं का हे?"

"नाही भाऊजी. शेवटपर्यंत नाही."

"मग तिचा तो महिना फुकटच गेला. एवढ्या थंडीत बसली."

"फुकट कसा?" इंदूताई म्हणाल्या. "त्या सुनेसाठी बसल्या होत्या. सून जगली. आणखी काय पाहिजे?"

त्या दिवसापासून नऊ दिवस हे माझ्याशी लागेल तेवढंच बोलले, मीठ दे, दार लाव, असं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघी जावा केंद्रात गेलो. शाल्मली बरोबर होती, पण माझ्या शेजारी बसली नाही. डॉक्टर मोमीन यांनी माझं सगळं ऐकून घेतलं, रागावल्या नाहीत. नुसतं म्हणाल्या, "आजी, तुम्ही आलात हे फार बरं झालं."

इंदूताईंची साक्ष झाली. तीन तांबे का चार, आठवत नाही. संक्रांत का रथसप्तमी, नक्की नाही. एकदा म्हणाल्या घंगाळ तांब्याचं, एकदा म्हणाल्या पितळेचं. आवाजानं पुन्हा विचारलं तर त्या उखडल्या, "एकदा सांगितलं ना बाई? तुझं सासर कुठलं?" जुळीनं त्यांना शंभरात एक्केचाळीस दिले.

"बघ," इंदूताई मला म्हणाल्या. "इथंही तूच पहिली."

डॉक्टरांबरोबरचे एक तरुण संशोधक म्हणाले की नियमाप्रमाणे जास्त विश्वासार्ह साक्ष धरायला हवी. डॉक्टर म्हणाल्या, "साक्षीदार कोण कसा बोलतो ते सोडून द्या. मुलीच्या कातडीला विचारू. आपल्याकडे तिचे एकवीस दिवस आहेत. जुळीला दोन्ही हकिकती वेगवेगळ्या द्या आणि विचारा, या मुलीला नवव्या आणि एकोणिसाव्या दिवशी काय व्हायला हवं होतं?"

मला ते तेव्हा नीट कळलं नव्हतं, आज कळतं. भविष्य सांगणाऱ्याची परीक्षा घ्यायची तर त्याला झालेलं गेलेलं विचारावं, तसं ते होतं. पाऊण तास लागला. माझ्या हकिकतीप्रमाणे नवव्या दिवशीच्या गांधी तासाभरात जायला हव्या होत्या आणि एकोणिसाव्या दिवशी काहीच व्हायला नको होतं. इंदूताईंच्या हकिकतीप्रमाणे नवव्या दिवशीच्या गांधी सात तास टिकणार होत्या आणि एकोणिसाव्या दिवशी ओठ किंवा पापण्या सुजणार होत्या. मग डॉक्टरांनी टबाचा दिवस घालून पाहिला. पडद्यावरची रक्तदाबाची रेघ तिसऱ्या मिनिटाला खाली वळली आणि खालीच गेली.

शाल्मली उठली, माझ्यापाशी नाही, इंदूताईंपाशी गेली, आणि त्यांच्या गुडघ्यावर डोकं टेकून बसली. इंदूताईंनी तिच्या बाहीच्या आत हात घालून दंड पाहिला, जसा त्या माझा पाहायच्या असणार.

"अजून पुरळ आहे," त्या म्हणाल्या. "दोन-चार दिवस वाढवा ऊब."

नवा वेग ठरला. बेचाळीस दिवसांच्या जागी एकवीस महिने. दर तीन आठवड्यांनी एक अंश, आणि पुरळ दिसलं की मागे. जुळीला हे 'मागे' ठाऊकच नव्हतं. तिच्या आधीच्या सगळ्या आखण्यांत गारवा फक्त पुढे जायचा. इंदूताईंच्या बोलण्यातून तो नियम तिच्यात घातला गेला.

शाल्मली साताऱ्याला परत गेली, बाही घेऊन. सहा महिने तिनं मला स्वतःहून फोन केला नाही. इंदूताईंना मात्र दर रविवारी दंडाचा फोटो पाठवायची. इंदूताईंना फोटो उघडता येत नसे, म्हणून त्या शेजारच्या मास्तरीणबाईंकडून उघडून घ्यायच्या आणि मग मला फोन करून सांगायच्या, "बरं आहे पोरीचं." असं मला कळायचं. दिवाळीत शाल्मलीचा फोन आला. म्हणाली, "आत्या, फ्रीजमधली बाटली धरली आज. दहा मिनिटं." मी विचारलं, "मग?" ती म्हणाली, "मग काय, पाणी प्यायले."

२०४२ च्या डिसेंबरात आम्ही सगळे साताऱ्याला पोहण्याच्या तलावाच्या काठी जमलो. सकाळचे आठ, पाणी सोळा अंश. डॉक्टर मोमीन इंजेक्शन हातात घेऊन पायरीवर बसल्या होत्या, चपला काढून. शाल्मली शिडीनं उतरली, सूर मारला नाही. पोटऱ्या, कंबर, गळा. मग हात पसरून शांतपणे पलीकडे पोहत गेली आणि परत आली. बाहेर येऊन टॉवेल गुंडाळून बसली. खरी भीती बाहेर आल्यावरच असते, अंग ऊब धरू लागतं तेव्हा. आम्ही वीस मिनिटं तिच्याकडे बघत होतो. इंदूताईंनी चष्मा लावून दोन्ही दंड, मान, पाठ पाहिली.

"काही नाही," त्या म्हणाल्या. "नुसता काटा आलाय. तो सगळ्यांनाच येतो."

त्यानंतर कोणाचं काय झालं ते सांगून थांबते.

डॉक्टर मोमीन निवृत्त झाल्या. त्यांच्या केंद्रात आता म्हाताऱ्या साक्षीदारांची हकीकत फार गुळगुळीत आली तर तिचे गुण वाढवत नाहीत, कमी करतात. आणि घरात पाणी कोण भरायचं, कपडे कोण धुवायचं, पानं कोण वाढायचं, हे विचारून त्या माणसालाही बोलावतात. त्यांच्या अहवालात मुख्य साक्षीदार म्हणून इंदुमती हेंद्रे हे नाव छापलं आहे.

इंदूताई २०४८ साली गेल्या, झोपेत. शेवटची पाच वर्षं त्या दर महिन्याला आमच्याकडे आठ दिवस यायच्या आणि माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवायच्या.

हे त्यांच्यानंतर तीन वर्षांनी गेले. त्या नऊ दिवसांबद्दल आम्ही पुन्हा कधी बोललो नाही. मात्र दहाव्या दिवशी सकाळी उठून त्यांनी माझ्या आंघोळीचं पाणी काढून ठेवलं होतं, आणि मग जन्मभर काढत राहिले.

शाल्मली पंचेचाळिशीची आहे. साताऱ्यालाच शिकवते, अजून रोज सकाळी दहा मिनिटं गार पाण्यात उभी राहते, कारण पेशींची सवय मोडली तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. तिला मुलगी झाली आहे, तिच्या अंगावर अजून तरी काही उठलेलं नाही.

मी चौऱ्याऐंशीची आहे. या फेब्रुवारीत माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. भूल देणारी मुलगी कागद घेऊन आली, म्हणाली, "आजी, कसली ॲलर्जी?" मी म्हटलं, थंडीची होती, गेली. "कशी गेली?" असं तिनं विचारलं, लिहिता लिहिता, सहज. मी म्हटलं, "बाळ, तुला वेळ आहे का? मला सगळं नीट आठवत नाही, आणि जे आठवतं त्यातलं थोडं इंदूताईंचं आहे." ती खुर्ची ओढून बसली, आणि मी सुरुवात केली.